सात आसरा आणि हळदीचं पाणी

डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. नगराला एकच झरा, आणि झऱ्यात सात आसरा राहायच्या. सात बहिणी, पाण्याच्या राखणदार. लोक झऱ्याला फार मानायचे. राजासुद्धा जोडे काढून अनवाणी जायचा, बरं का. तिथे कुणी धुणं धुवायचं नाही, साधी चूळसुद्धा टाकायची नाही.

आणि तरी नगरातली लेकरं सारखी आजारी. जुलाब व्हायचे, हातपाय काड्यांसारखे.

त्या नगरात चिमा नावाची गवळण होती. तिची एकुलती एक लेक बकुळा, दोन वर्षांची. बकुळाला जुलाब लागले ते थांबेनात. चिमाच्या जिवाला घोर लागला. पोर निजली की ती छातीवर हात ठेवून बघायची, श्वास चालतोय ना. वैद्याने पुड्या दिल्या, सासूने दृष्ट काढली, गुण येईना. शेजारणी म्हणाल्या, आसरांचं काही राहिलं असेल, जाऊन ओटी भर.

मग चिमा झऱ्यावर गेली. पहिल्या दिवशी हिरव्या बांगड्या वाहिल्या. पाण्याने त्या काठावर आणून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी खण वाहिला. तोही परत आला. तिसऱ्या दिवशी दहीभात सोडला. तो तसाच तरंगत परत आला, आणि त्याच्यामागून थोरली आसरा वर आली. हिरवं लुगडं, मोकळे केस, आणि नाकाला पदर.

चिमाने हात जोडले. म्हणाली, "बाई, माझं चुकलं असेल तर मला शिक्षा कर. पोरीला नको."

"आम्ही कशाला शिक्षा करू?" आसरा म्हणाली. "आम्हीच उपाशी आहोत, या घाण पाण्यात कुठलं खाणं. खाली जोडे काढता, आणि वर टेकडीवर काय करता, ते तुझ्या राजाला विचार."

तर झालं होतं असं. नगरातली सगळी माणसं परसाकडे जायची ती वरच्या टेकडीवर. झुडपं दाट, वारा छान. झऱ्यापासून लांब बसलो, म्हणजे झऱ्याचा मान राखला, असं सगळ्यांना वाटायचं. पण झऱ्याचं पाणी त्याच टेकडीतून झिरपत येतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आसरेने बजावलं, अमावास्येपर्यंत टेकडी मोकळी करा, नाहीतर आम्ही निघालो. तोवर पोरीला उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून घोट घोट पाज.

चिमाने तसं केलं, आणि बकुळाला सासूपाशी ठेवून ती दरबारात गेली. तिचं ऐकून प्रधान हसला. म्हणाला, "दुधात पाणी घालणारी गवळण, आता पाण्यात काय घातलंय ते सांगायला आली."

चिमाचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. "महाराज," ती म्हणाली, "तुम्ही टेकडीवर ज्या दगडाआड बसता, तिथे मी तीन घागरी हळदीचं पाणी ओतते. मग झऱ्याचं पाणी बघा."

सगळा दरबार खाली मान घालून बसला. राजाने परवानगी दिली.

पहिल्या दिवशी पाणी स्वच्छ. प्रधान हसला. दुसऱ्या दिवशीही स्वच्छ. चिमा दिवसातून दहादा झऱ्यावर जाऊन बघून आली. तिसऱ्या दिवशी राजाच्या चांदीच्या फुलपात्रात पाणी आलं ते पिवळंधमक. राजाने वास घेतला आणि फुलपात्र खाली ठेवलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी..." तो हळूच म्हणाला.

"सगळेच, महाराज," चिमा म्हणाली.

मग राजाने स्वतः कुदळ घेतली. नगराच्या खालच्या अंगाला, झऱ्यापासून दूर, पहिला संडास राजाने बांधला, मग इतरांनी. चार म्हातारे कुरकुरले, चार भिंतींत आम्हाला होत नाही म्हणून. दोन दिवसांनी त्यांनाही व्हायला लागलं. बाहेर आलं की राखेने हात चोळून धुवायचे, असा हुकूम निघाला. प्रधान विसरला, तर राजाने त्याला भरल्या पानावरून उठवलं, तेही दोनदा.

अमावास्या आली. आसरा गेल्या नाहीत. साती जणींनी मिळून टेकडी आतून धुऊन काढली. तीन दिवस झरा गढूळ वाहिला, आणि मग इतका नितळ झाला की तळाची वाळू मोजावी.

आणि बकुळा? एका सकाळी ती आपल्या पायांनी चुलीपाशी आली आणि भाकरी मागितली. ती संपवून दुसरी मागितली. तिसरी चिमाच्या ताटातून उचलली. चिमा उपाशीच उठली आणि गुणगुणत गुरांमागे गेली.

ती सगळी सुखात राहिली. आता तुम्ही पाय गोधडीत घ्या आणि मिटा डोळे.