गेणूनं मित्राला दोर दिला

एका गावात गेणू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? सांगाल तेवढंच करायचा, आणि तेही भलत्याच वेळी! त्याला कुणी कामावर ठेवीना. शेवटी त्याचा मित्र तुळशा त्याच्यासाठी हैबती मुकादमाच्या पाया पडला. तुळशा विहिरींतला गाळ काढायचा.

मुकादम म्हणाला, "ठेवतो. पण संध्याकाळपर्यंत ही विहीर साफ झाली नाही, तर दोघंही घरी!"

तुळशा खाली घमेलं भरी, गेणू वरून रहाटानं ओढी. गेणूची नजर आपली रहाटावरच.

"अरे, सोबत्याकडं बघ जरा! तो करतो तसं कर," मुकादम ओरडला.

गेणूनं खाली बघितलं. तुळशा घाम पुसायला बसला होता. गेणूनं दोर सोडला, बसला आणि घाम पुसू लागला. घमेलं धप्पकन खाली! तुळशा नखशिखांत काळा.

"अरे बैला! मित्र दमला की आपण दुप्पट जोर लावायचा!"

"बरं, मुकादम."

दुपारी तुळशा कमरेला दोर बांधून जेवायला वर येत होता. काठाशी म्हणाला, "थांब रे, दमलो."

दमला? गेणूनं दुप्पट जोर लावला. तुळशा काठावरून उडाला तो थेट मुकादमाच्या पिठल्यात.

"गाढवा! मित्र काय म्हणतो ते ऐकत जा! मागेल ते दे, हात आखडू नकोस!"

"बरं, मुकादम."

संध्याकाळ झाली. थोडाच गाळ उरला. मुकादम स्वतः तुळशाबरोबर बघायला खाली उतरला. खालून तुळशानं हाक दिली, "गेणू, थोडा दोर दे रे!"

थोडा? जिवलग मित्राला थोडा? गेणूनं रहाटावरचा सगळा दोर सोडवला आणि दिला विहिरीत फेकून.

"मेलो! आता वर कसं यायचं?" मुकादम किंचाळला.

गेणूला रडूच फुटलं. आपल्यापायी तुळशाचं काम जाणार!

"रडतोस काय तिथं उभा? मित्र अडकलाय ना? मग धाव की!" मुकादम खालून ओरडला.

गेणूनं डोळे पुसले. मागं सरला. धावत आला आणि मारली उडी! धप्प! गुडघ्यापर्यंत गाळात रुतला.

"आलो रे, तुळशा!"

तुळशाला हसू आवरेना. मुकादमाच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. "बास! दोघंही घरी चालते व्हा! आत्ताच्या आत्ता!"

गेणूनं तुळशाचा हात धरला, बाजूला सरकून वाट करून दिली आणि अदबीनं म्हणाला, "चला की. आधी तुम्ही व्हा पुढं, मुकादम."