गोड्या रंगाची आळी

त्या राज्यात जुनी घरं गोड होती. हे बोलण्यापुरतं नव्हे. भिंतीला जीभ लावली तर खरोखर गोड लागायची.

झालं होतं असं, की एका राजाच्या कारकिर्दीत कुणा कारागिराने लालभडक रंग शोधून काढला. तो पावसात उतरत नसे, उन्हात विटत नसे, वाळवी त्याच्या वाटेला जात नसे. राजाने भर दरबारात तो चाटून पाहिला आणि त्याला ‘गोडा रंग’ असं नाव दिलं. मग झाडाझाडांतल्या ढोल्या आतून-बाहेरून रंगल्या. राजवाड्यावर तर आठ थर चढले. अखेरच्या दिवसांत राजाला स्वतःचं शेपूट ओळखू येईना. “हे गृहस्थ केव्हाचे मागे उभे आहेत, त्यांना बसायला द्या,” असं तो रोज फर्मावायचा, आणि शेपटासाठी रोज वेगळं आसन मांडलं जायचं. दरबारात कुणी हसत नसे. निम्म्या दरबाराला आपापली शेपटं आठवत नव्हती.

राजा गेला. वैद्यांनी भिंतींकडे बोट दाखवलं आणि रंगावर बंदी आली. उरलेली हजारभर मडकी फोडणं मात्र कुणाच्या तरी जिवावर आलं. ती ‘सरकारी उपयोगासाठी’ म्हणून कोठारात ठेवून देण्यात आली. भिंतींवर दर सणाला चुन्याचा एक हात मारावा, असा हुकूम निघाला. वरून पांढरं झालं म्हणजे आतलं संपलं, अशी सर्वांची समजूत.

पण चुना पोपडे धरतो, आणि पोपडा गळतो तो आतला लाल घेऊनच गळतो. पिल्लांना तो खाऊच वाटायचा.

म्हणून कचेरीने तपासनीस नेमले. पहिले तिघे रंग जिभेने पारखायचे. तिघांनाही निवृत्तीच्या दिवशी घरचा रस्ता सापडला नाही. चौथे टोकेराव. जातीचे सुतारपक्षी. ते कानाने पारखत. भिंतीवर चोच मारायची आणि डोळे मिटायचे. निव्वळ लाकूड खणखणीत बोले. आत गोडा रंग असला तर आवाज बसका येई, सर्दी झालेल्या कोंबड्यासारखा.

आवाज बसका आला, की टोकेराव कचेरीतून मिळालेल्या मडक्यात कुंचला बुडवून दारावर भरीव लाल गोल काढायचे. धोक्याची खूण लहानग्यांनाही दिसली पाहिजे असं कायदा म्हणत होता, म्हणून गोल उंबऱ्यापासून वीतभर उंचीवर. गोल पडला की घरमालकाने आठ दिवसांत भाडेकरूला कोऱ्या लाकडाची ढोली द्यायची आणि जुनी कायमची बंद करायची. बारा वर्षांत जुन्या आळीतली निम्मी दारं अशी बंद झाली होती. त्या ओस घरांच्या ओट्यांवर आळीतली पिल्लं दिवसभर खेळत. तिथे त्यांच्यावर खेकसायला कुणी नसे. गोल मात्र दरवर्षी मधोमध पुसट होत आणि टोकेरावांना ते पुन्हा गिरवावे लागत. ऊन लागतं, असं कचेरीचं म्हणणं होतं. ऊन नेमकं मधोमधच कसं लागतं, हे काही कुणी विचारलं नव्हतं.

आळीच्या टोकाच्या ढोलीत धुरपाबाई नावाची खार राहायची. तिचा थोरला, बुंध्या, गेल्या हंगामात कोणती फांदी बारीक हेच विसरला आणि तिच्यावर उडी मारून गेला. आता धाकटी चिमटी विसरायला लागली होती. आधी पुरलेले दाणे विसरली, मग ऊन आलं की कुठल्या बाजूला फिरायचं ते. परवा तिने धुरपाबाईला विचारलं, “तुम्ही कुणाच्या आई?”

वैद्य असलेल्या कासवाने तिची जीभ पाहिली आणि मान आत ओढून घेतली. आतूनच म्हणाला, “आता कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये, बाई. कणभर गेलं, तर पुन्हा मला बोलवू नका.”

धुरपाबाईने कचेरीत अर्ज दिला. कायद्याप्रमाणे कचेरीने घरमालकाला सात दिवस आधी तपासणीची सूचना धाडली. घरमालक होता काटेशेठ नावाचा साळिंदर. त्याच्याशी वाद घालायला कुणी जात नसे, कारण त्याचं म्हणणं त्याच्या अंगावरच उभं राहायचं. त्याने सूचना वाचली, आणि सरकारी पाहुण्यापुढे घराची शोभा जायला नको म्हणून भिंत खरवडायला चार उंदीर लावले. तीन दिवस ढोलीत लाल धूळ उडत होती. धुरपाबाई चिमटीच्या तोंडावर शेपटी धरून कोपऱ्यात बसून राहिली. चौथ्या दिवशी ताजा चुना लागला.

आठव्या दिवशी टोकेराव आले.

“या, या टोकेराव! बघा कसं दुधाने धुतल्यासारखं घर आहे,” काटेशेठ म्हणाला. “माझे आजोबा याच भिंतीला टेकून वाढले.”

“आणि गेले कशाने?”

“म्हातारपणाने.”

“वय?”

“तीन वर्षं,” काटेशेठ म्हणाला, आणि त्याचे काटे किंचित उठले.

टोकेरावांनी चोच मारली, डोळे मिटले. खणखणीत. दोन हात सरकून पुन्हा मारली. खणखणीत. सात जागा झाल्या; सातही निव्वळ लाकूड. काटेशेठचे काटे एकेक करून अंगाला चिकटले.

“लिहा, ‘निर्दोष’,” तो म्हणाला.

“अहो साहेब,” धुरपाबाई पुढे आली. “भिंतीतला गेला, मग गेला कुठं ते विचारा की यांना!” आणि तिने चिमटीचं अंथरूण झटकलं. दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात गुलाबी धूळ उठली आणि तरंगत राहिली. टोकेरावांनी जमिनीवर चोच मारली. आवाज बसका आला.

“जमीन भिंतीत मोडत नाही,” काटेशेठ घाईने म्हणाला. “कायदा वाचा.”

“वाचलाय,” टोकेराव म्हणाले. “चौकट मोडते.”

ते दाराशी गेले. बिजागरीच्या मागे, जिथे उंदरांचे दात पोचले नव्हते, तिथे त्यांनी चोच घातली. काटेशेठचा एकूण एक काटा उभा राहिला. एक सुटून टोकेरावांच्या पंखात घुसला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पुन्हा टोचलं. ऐकलं.

बसका.

“बाई,” ते म्हणाले, “सामान बांधा.”

काटेशेठ पाय आपटत निघून गेला. धुरपाबाईने चिमटीला कवटाळलं. “सुटले गं बाई, चिमटे, सुटलो आपण!” म्हणत ती रडली, हसली, आणि मग लगबगीने आत जाऊन दाण्यांची गाठोडी बांधू लागली. टोकेरावांनी मडकं उघडलं, उंबऱ्यापासून वीत मोजली आणि नेहमीपेक्षा दाट, नेहमीपेक्षा गोल असा गोल भरला. मग ओट्याच्या कडेला बसून पंखातला काटा उपटू लागले.

काटा निघाला तेव्हा त्यांच्या कानावर एक आवाज आला. बारीक, ओला, एका लयीतला. ओढ्यावर कुणी पाणी पितं, तसा. तो त्यांनी बारा वर्षं या आळीत ऐकला होता, आणि आळीत कुठेतरी पाणी असणार असं धरून चालले होते.

ते वळले.

चिमटी दाराशी उभी होती. गोल बरोबर तिच्या तोंडासमोर आला होता.

“गोड आहे, काका,” ती म्हणाली. तिचे ओठ लाल होते.

“बाई!” टोकेराव ओरडले. असे ते कधी ओरडले नव्हते. धुरपाबाई बाहेर धावली, तिने गाठोडं टाकून पोरीला ओढलं, तोंडात पंजा घालून पुसत राहिली, पुसत राहिली. टोकेराव समोरच्या बंद दाराकडे उडाले. तिथला गोल त्यांनी स्वतः बारा वेळा गिरवला होता. कधीच कुठल्या गोलावर चोच मारायची वेळ आली नव्हती; खुणेची तपासणी कोण करतं? त्यांनी डोळे मिटले आणि त्याच्या कडेवर, जिथे रंग जाड होता, तिथे एकदाच टोचलं.

बसका. त्यांनी डोळे उघडले. आळी उन्हात लांबच लांब पसरली होती. दारोदार लाल गोल, आणि प्रत्येक गोलाच्या मधोमध, पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर, उघडं पडलेलं लाकूड, चाटून चाटून काचेसारखं गुळगुळीत. त्यांच्या पंजातल्या कुंचल्यावरून एक थेंब ओट्यावर पडला. तिथे खेळणारी दोन पिल्लं खेळ सोडून त्याच्याकडे धावली.