मसुरीएवढा कपॅसिटर

"सर, आता यात काय कमी आहे?"

निरंजनने बटण पुन्हा फिरवलं. रेडिओ पुन्हा किंचाळला.

मोडकसर संचावर वाकले.

कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून सर घाटमाथ्यावर एकटेच राहत. सोबत म्हणाल तर रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्या हौशी मंडळींची. पावसाळ्यात वीज पडून सरांचा संच जळाला आणि तीही सोबत गेली. हे कळताच त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने, निरंजनने, बंगळुरात स्वतःच्या हाताने नवा संच बांधून इथे आणला. सर पाठ थोपटतील अशी त्याला आशा होती. झालं मात्र हात दाखवून अवलक्षण.

"भाग सगळे उत्तम घातलेत, सर. हा कपॅसिटर तर बघा! बाजारात याच्याहून मोठा नव्हता."

वीज साठवणारा तो कपॅसिटर सर्किटच्या पट्टीच्या टोकाला ऐटीत उभा होता.

"चिपपासून इतक्या लांब का रे?"

"जवळ मावेना. पण तारेने जोडलाय ना. चिपला वीज लागली की देईलच."

"तिला डोळ्याचं पातं लवायच्या आत लागते. याची पोचेपर्यंत... गरज टळून जाते."

सरांनी गोळ्यांच्या डबीतून मसुरीच्या डाळीएवढा कपॅसिटर काढला. त्याचे तारेचे पाय जवळजवळ मुळापासून कापले आणि तो चिपला खेटून सोल्डर केला.

किंचाळणं थांबलं. थोडी खरखर झाली. मग एक थकलेला आवाज आला.

"मोडक, आहात का? ...मोडक?"

"आहे, आहे!" सर पुढे झुकून म्हणाले.

आवाज थोडा थांबला. मग पुन्हा तेच विचारू लागला.

संच नुसता ऐकायचा होता. त्यातून सरांना उत्तर देता येणार नाही, हे निरंजनच्या आत्ता ध्यानात आलं. त्याला फार वाईट वाटलं.

सर बराच वेळ ऐकत बसले...

मग त्यांनी चहा केला. घरात कप एकच होता. तो त्याला दिला आणि स्वतः पातेल्यातूनच प्यायले.

"बोलायचा संचही पाठवतो, सर," निरंजन घाईघाईने म्हणाला. "चांगली मोठी बॅटरी पाठवतो. काही लागलं तर नुसता फोन करा. मी आहेच."

सरांनी त्या टोकाच्या मोठ्या कपॅसिटरवरून बोट फिरवलं.

"चांगला आहे रे हा," ते म्हणाले. "फक्त लांब राहतो."