बुजगावण्याच्या तोंडातलं घरटं

एका गावात एक सून होती, भारी हौशी आणि त्याहून उतावळी. सकाळी मनात आलं की दुपारी झालंच पाहिजे, असा तिचा खाक्या. एकदा तिने ठरवलं, परसात भाजी लावायची. झालं, नवऱ्याला हाताशी धरून दगडगोटे वेचले, वाफे केले आणि दूरच्या गावी दिलेल्या थोरल्या नणंदेकडून घेवड्याचं बी मागवलं.

बी पेरलं खरं, पण सुनेला चैन पडेना. मोड आला का ते बघायला ती रोज माती उकरायची, बी तळहातावर घेऊन न्याहाळायची आणि पुन्हा पुरायची. आठ दिवसांत सगळं कुजलं. आता नणंदेला काय सांगायचं? तिने निरोप धाडला, बियाणं किडकं निघालं. बिचाऱ्या नणंदेने दुसरं बी पाठवलं, एकेक दाणा निवडून.

या खेपेला सुनेने हात आवरला. वेल सरसर मांडवावर चढला, वांगी फुलली, आणि तिला आनंदाने कुठे ठेवू न् कुठे नको असं झालं. बागेला दृष्ट लागू नये, पाखरंही भ्यावीत, म्हणून तिने फुटकं मडकं काठीच्या टोकाला बांधून बुजगावणं केलं. काजळी फासली, चुन्याचे बटबटीत डोळे काढले. मडक्याला पुढून भोक होतं, तेच त्याचं तोंड.

तिसऱ्याच दिवशी काळ्यापांढऱ्या दयाळांची जोडी आली आणि चोचीत काडी घेऊन सरळ त्या तोंडात शिरली. सून हसून हसून बेजार झाली. काही दिवसांनी मडक्यातून चिवचिव ऐकू येऊ लागली, तेव्हा तर तिने नणंदेलाच सांगावा धाडला, "पिल्लं बघायला या."

नणंद दोन डोंगर ओलांडून आली. पाय धुतले न धुतले तोच म्हणाली, "उतरव ते मडकं. डोळे भरून बघते."

सून घुटमळली. "वन्सं, मडकं हलवलं आणि दयाळ बुजले, तर पिल्लं उपाशी मरतील. लांबूनच बघू या."

"एवढी तंगडतोड करून आले ती लांबून बघायला?" नणंदेचा चेहरा उतरला. "बी हवं होतं तेव्हा बरी मी आठवले. राहू दे, मी आपली परत जाते."

तिने पिशवी उचलली. मडकं उतरवलं असतं तर नणंद खूश झाली असती, आणि खरं सांगायचं तर आत डोकावायला सुनेचाही जीव वरखाली होत होता. पण तिला ते कुजलेलं बी आठवलं.

"वन्सं, तुमचं बी किडकं नव्हतं," ती खाली मान घालून म्हणाली. "मीच रोज उकरून बघत होते. त्यानेच ते गेलं, आणि नाव मी बियाण्याचं घेतलं. आता ही पिल्लं तशी घालवायची नाहीत मला."

निघालेली नणंद मागे वळली. "अगं, त्या बियांपायी मी आमच्या घरात केवढी भांडले, नीट वाळवलं नाही म्हणून."

सून रडवेली झाली. नणंदेला मात्र हसू फुटलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि मागच्या पायरीवर बैठक मारली. सून शेजारी टेकली.

थोड्या वेळाने दयाळ वांग्यावरची लठ्ठ अळी घेऊन आला. तशी बुजगावण्याच्या त्या अक्राळविक्राळ तोंडातून चार इवल्या पिवळ्या चोची एकदम बाहेर आल्या. दोघी एकमेकींचे हात गच्च धरून बसल्या.

इतक्यात सुनेचा नवरा दारात येऊन म्हणाला, "ताई, चहा घेतेस ना?"

नणंदेने मान न वळवता त्याला हाताने गप्प केलं. "हळू बोल रे. पोरं जेवताहेत."

एका दिवसासाठी आलेली नणंद पिल्लं उडेपर्यंत राहिली.

तात्पर्य काय, तर वाढत्या जिवाला आपले डोळे चालतात, बोटं चालत नाहीत. आणि आपल्या बोटांची चूक बियाण्यावर ढकलू नये.