पडवीतला पाहुणा

"चाचा, हा पांढरा ठिपका आहे की वाळूचा कण चिकटलाय?"

ईशान सुर्वेने विचारलं आणि नाक जवळजवळ माशाच्या टाकीच्या काचेला टेकवलं.

दाऊदचाचा टाकीपासून मागे सरले. दुकानातलं स्टूल ओढून लांब जाऊन बसले.

रत्नागिरीत समुद्राचे मासे घरात पाळणारी जी काही मोजकी टाळकी आहेत, ती सगळी या चाचांच्या हाताखालून गेलेली. चाचांचा जन्म बोटीवर गेला. आता म्हातारपणी काचेच्या टाकीत समुद्र भरून घरी बसलेत. ईशान त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे अर्थात ईशानच सांगत फिरतो.

पहिल्याच दिवशी त्याने चाचांच्या टाकीतलं पाणी कसं चुकतंय, ते चाचांनाच समजावून सांगितलं होतं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला पडवीत मिठाचं पाणी ढवळायला बसवलं. बाकीची पोरं आत टाकीपाशी, आणि ईशान अख्खा पावसाळा बाहेर बादलीपाशी. चहा तेवढा चाचा स्वतः बाहेर घेऊन यायचे आणि त्याच्याजवळ बसून प्यायचे. पण ईशानच्या मनाला ती पडवी अजून लागून आहे.

तर आज या दुकानात त्याचा जीव एका माशात अडकला होता. मासा पिवळाधमक, हळकुंडासारखा. पण पोट आत गेलेलं, आणि मधूनच दगडाला अंग घासत होता.

"इथेच ठेवला तर हा जगायचा नाही, चाचा. आणि घरी नेला आणि रोग निघाला, तर शाल्मलीचे दोघे जातील."

शाल्मली त्याची लेक. तिचे दोन नारिंगी मासे तिच्या हातून खातात. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ती टाकीपाशी जाते.

"विलासशेठ, हा खातो ना?" ईशानने दुकानदाराला विचारलं.

"खातो की."

"घाला बघू काहीतरी."

समुद्राच्या माशाने खाऊन दाखवल्याशिवाय तो कोणी विकत घेत नाही. विलासने कोळंबीचा बारीक तुकडा पाण्यात सोडला.

मासा दगडामागे गेला.

ईशानने मोबाईलचा टॉर्च लावला. मासा आणखी आत गेला.

"नाही खात. आजारीच आहे," ईशान म्हणाला. आवाज पडला होता त्याचा. "राहू दे मग."

"तो दिवा विझव," चाचा म्हणाले. "आणि इकडे येऊन बस."

ईशान येऊन बसला.

पंप गुरगुरत राहिला...

बऱ्याच वेळाने दगडाच्या कडेने पिवळं तोंड बाहेर आलं. इकडे तिकडे पाहिलं. तुकडा तळाशी पडला होता, तो हळूच उचलला.

"खाल्लं, चाचा." ईशान उठलाच. "उगाच घाबरलो. बरा आहे तो. विलासशेठ, बांधा."

"जरा थांबा, विलासशेठ," चाचा म्हणाले.

विलास पिशवी हातात धरून उभा राहिला.

"ईशान, तुझ्याकडे ती छोटी टाकी आहे ना? नव्या माशाला रोग नाही ना हे कळेपर्यंत तो वेगळा ठेवायला म्हणून घ्यायला लावली होती, ती."

"आहे."

"रिकामी आहे?"

ईशान खाली बघू लागला.

"तिच्यात मी जिवंत पोवळी लावली..."

"का रे?"

"दिवाणखान्यात रिकामी टाकी बरी दिसेना. येणारा जाणारा विचारायचा, ही अशीच का ठेवलीय म्हणून."

चाचा हसले. पोराची लबाडी पकडल्यावर आजोबा हसतात, तसे.

"मग आता सांगा ना, चाचा. घेऊ की नको?"

"बरा आहे म्हणून घेत असशील, तर नको घेऊस."

"आणि?"

"आजारी आहे म्हणून घेत असशील, तर घे."

ईशान त्यांच्याकडे बघतच राहिला. विलासही.

"हे उलटंच झालं की, चाचा. आजारी आहे हे ठाऊक असताना कोण घेतं?"

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. ईशानच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

"मी घेतला होता की रे... पावसाळाभर पडवीत ठेवला, आणि रोज चहा पाजला."