उदयसेन राजाचे ‘आलोच’

एका राज्यात, ज्याचं नाव सांगायला तिथल्या राजालाच सवड नव्हती म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलंच नाही, उदयसेन नावाचा राजा होता. कोठारं भरलेली, वाटा निर्धोक, प्रजा सुखी. आणि राजा? राजा आपला पहाटेपासून दरबारात. एक काम उरकावं तर मागे दोन हात जोडून उभी. राणी मृगावती माणूस पाठवी, “महाराज, पानं वाढली आहेत.” राजा मान वर न करता म्हणे, “आलोच.” धाकटी राजकन्या कुमुदिनी दाराशी येऊन म्हणे, “बाबा, झोपाळ्यावर या ना.” राजा म्हणे, “आलोच, बाळ.” भात निवून जाई, झोपाळा थांबे, आणि स्वारी जागची हलत नसे. असे आलोच तुमच्याआमच्या घरातही पडलेले असतात, त्यांना कोणी विचारत नाही. पण हे राजाचे होते, आणि त्यांच्यावर धूमकेश नावाच्या मांत्रिकाचा डोळा गेला.

तो दरबारात आला आणि म्हणाला, “राजा, तुला काय हवं?”

“वेळ.”

“देतो. तुझी भूक, झोप आणि थकवा काढून घेतो. बदल्यात तुझे आलोच मला दे.”

राजाला हसू आलं. एवढ्यावर भागत असेल तर कोण नाही म्हणेल? “घे,” म्हणाला.

त्या दिवसापासून राजाला भूक लागेना, डोळा लागेना, पाठ दुखेना. कामांचा नुसता फडशा! आणि नवल असं की राणीवशातून बोलावणंही येईनासं झालं. राजा मनात म्हणाला, चला, घरची माणसं समजूतदार झाली. पुरुषांना असं वाटतं खरं.

एके दुपारी शाई सांडून त्याचा शेला खराब झाला. दुसरा आणायला तो स्वतःच राणीवशात गेला. पाहतो तर झोपाळ्यावर उदयसेन बसलेला! तेच नाक, तेच कान, तोच आवाज. मांडीत कुमुदिनी, आणि तो तिच्या केसांना तेल लावत होता, अगदी सावकाश, जशी त्याला जगात दुसरी घाईच नाही. राणी मृगावतीने दारातल्या राजाकडे पाहिलं, पदर सावरला आणि परक्याशी बोलावं तशा अदबीने म्हणाली, “आपण वाट चुकलात. दरबार पलीकडे आहे.”

  राजा तसाच मागे फिरला आणि धूमकेशाच्या गुहेपर्यंत अनवाणी पळत गेला.

“तो कोण आहे?”

“तुझेच आलोच,” मांत्रिक म्हणाला. “तू जिथं येतो म्हणालास आणि गेला नाहीस, तिथं तो जातो. येत्या पौर्णिमेला राजकन्येचा वाढदिवस. दिवेलागणीला औक्षण होईल. त्यानंतर ती ज्याला बाबा म्हणेल, तो तिचा बाप. तो तू नसलास, तर तू सिंहासनावर दगड होऊन बसशील. घाबरू नकोस, उजवा हात हलता राहील. शिक्का मारायला तेवढा पुरे. कशावर मारायचा, ते मी सांगेन.”

राजा परतला तो नदीकाठाने. एवढं होऊनही डोक्यात सारखं येत होतं, आज दरबारात लोक खोळंबले असतील. सवय कुठली सुटायला! वाळूत एक टिटवी उताणी पडलेली होती, दोन्ही पाय वर.

“दूर हो,” टिटवी म्हणाली. “मी आभाळ धरलं आहे. मी पाय घेतले तर ते पडेल.”

“कधी घेऊन पाहिलेस?”

टिटवीला ते आवडलं नाही. तिने पाय आणखी ताणले. मग म्हणाली, “मला शहाणपण शिकवू नकोस. तुझं काय बिघडलं आहे ते मला ठाऊक आहे. तीन गोष्टी कर. एक काम अर्ध्यात टाकून ऊठ. एक जेवण नुसतं जेव. आणि पौर्णिमेला जे तोंडातून काढशील, ते खरं कर. आता जा, मला रग लागली आहे.”

राजाने काय करावं? तो मनात म्हणाला, पहिली दोन एकदमच उरकू, वेळ वाचेल. जेवता जेवता एक काम काढू आणि ते अर्ध्यात सोडू. डोंगराएवढं संकट डोक्यावर, तरी याची काटकसर चालूच!

मुदपाकखान्यात जाऊन तो पाटावर बसला. वरण, भात, वर तूप, लिंबाची फोड. पहिला घास उचलला आणि मनात सरोवराच्या बांधाच्या डागडुजीचा हिशोब मांडला. घासाची वाळू झाली. त्याने थुंकली, दुसरा घास घेतला, मनात आलं, प्रधानजींना सांगून ठेवायला हवं. पुन्हा वाळू. ताटभर भात वाळू करून राजा उठला. पौर्णिमा जवळ येत होती आणि हाताशी काहीच नव्हतं. आपण दगड होणार, या धास्तीने त्याचा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी तो एकच गोष्ट करायला बसला. दोन सावकार एका हत्तीवरून भांडत दरबारात आले होते. एकाचं ऐकून झालं, दुसऱ्याने तोंड उघडलं, आणि राजा उठला. “प्रधानजी, पुढचं तुम्ही पाहा.”   दाराबाहेर भिंतीला टेकून तो कान लावून उभा राहिला, आता छप्पर कोसळेल, मग कोसळेल. प्रधानजींनी निकाल दिला. जरा वाकडाच दिला, पण दिला. सावकार कुरकुरत हत्ती घेऊन गेले. आणि राजाच्या पोटात, कितीतरी दिवसांनी, भूक उठली.

मग तो पुन्हा पाटावर बसला. या खेपेला भूकच एवढी होती की दुसरं काही सुचेना. भात गरम होता, मीठ थोडं जास्त झालं होतं. तो जेवला. जेवता जेवता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि आचारी बिचारा मिरची जास्त पडली म्हणून माफी मागू लागला. त्या दुपारी राजा तिथंच, चुलीच्या उबेला, घोरत पडला.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. राजा राणीवशात गेला तेव्हा या खेपेला कोणी त्याला परका म्हटलं नाही. राणी एकदा याच्याकडे पाही, एकदा झोपाळ्याकडे, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. कुमुदिनीने मात्र सरळ विचारलं, “तुम्ही दोघं का आहात?”

झोपाळ्यावरचा गोड हसला. राजा उत्तर देणार, तोच प्रधानजी धापा टाकत आले. “महाराज, सरोवराचा बांध तडकला. खालची वस्ती घरं सोडायला तयार नाही. आपण आल्याशिवाय कोणी हलत नाही.”

पाहा कशी वेळ! गेला, तर मागे तो दुसरा बसलेलाच आहे. थांबला, तर लेकरंबाळं पाण्याखाली. राजाच्या जिभेवर जुना शब्द आला होता. दोघांनाही चालला असता; लेकीलाही, प्रधानालाही. त्याने तो गिळला. लेकीपुढे गुडघे टेकून म्हणाला, “कुमुद, मी आता थांबत नाही. बांध फुटतो आहे. दिवेलागणीला येतो.”

 कुमुदिनीने झोपाळ्याची कडी घट्ट धरली.

बांधावर राजा चिखलात उतरला. वस्तीची माणसं वर आली, गुरं वर आली, बायकांनी पोरं काखोटीला मारून टेकडी गाठली. पुरुषांनी मातीची पोती रचायला घेतली. भगदाड सुपाएवढं उरलं आणि सूर्य डोंगराला टेकला.

प्रधानजी म्हणाले, “महाराज, आणखी घटकाभर. काम होतच आलं.”

होतच आलं! याच शब्दांनी आजवर त्याला किती वर्षं अडवलं होतं. राजाने बोटातली मुद्रा काढली आणि प्रधानजींच्या तळहातावर ठेवली. म्हातारा मुद्रेकडे पाहत म्हणाला, “मला जमेल का, महाराज?”

“ठाऊक नाही,” राजा म्हणाला, “पण मी जातो.”

घोडा दौडत होता आणि राजाचे कान मागे होते. वाऱ्याचा आवाज झाला तरी त्याला वाटे, फुटला. दोनदा त्याने लगाम खेचला. दोनदा सोडला. भीतीने त्याचे दात वाजत होते, पण तोंड घराकडे होतं.

तो दारात आला तेव्हा समया लागल्या होत्या. पाटावर तो दुसरा, स्वच्छ, हसरा, कुमुदिनीच्या शेजारी. राणीने नुकतंच लेकीला ओवाळलं होतं. धूमकेश खांबाआड उभा होता. कुमुदिनीने पाटावरच्याकडे पाहिलं. तो कधी उशिरा आला नव्हता, कधी रागावला नव्हता. मग तिने चिखलाने माखलेल्या माणसाकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“दिवाळीत मी किल्ला केला होता,” ती म्हणाली. “तुम्ही बघायला येतो म्हणालात. मी वाट बघत बसले. मांजराने बुरूज पाडला तरी तुम्ही आला नाहीत.”

“नाही आलो,” राजा म्हणाला.

“का?”

“काम होतं.”

“कुठलं काम?”

राजाने आठवून पाहिलं. दिवाळीचे दिवस, दरबार, समोर कोण उभं होतं, काय एवढं अडलं होतं. खूप आठवून पाहिलं. 

“आठवत नाही, बाळ.”

मग कुमुदिनीला रडू फुटलं. धावत येऊन तिने चिखलाच्या अंगरख्यावर मुठी मारायला सुरुवात केली. “तुम्ही वाईट आहात, बाबा! किती वाईट आहात!” आणि पाट रिकामा झाला. नुसता लाकडी पाट. खांबाआडचा मांत्रिक धूर होऊन झरोक्यातून गेला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही. मृगावती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. राजा मुठी खात उभा राहिला.

पुढे सगळे हातपाय धुऊन जेवायला बसले. कुमुदिनी अजून मुसमुसत होती आणि राजाच्याच ताटातला भात खात होती. तेवढ्यात दारात स्वार आला. “महाराज, बांध टिकला. पण पोती आधी उलट्या बाजूने रचली गेली, खालची दोन शेतं वाहून गेली. माणसं सगळी सुखरूप आहेत. प्रधानजी फार घाबरले आहेत, आपण यावं म्हणतात.”

राजाचा घास हातात राहिला. त्या शेतांसाठी त्याचा जीव तुटला, हे खोटं कशाला सांगू?

“प्रधानजींना सांग, त्यांनी राज्य राखलं,” तो म्हणाला. “त्यांना झोपू दे. शेतकऱ्यांना सांग, राजा सकाळी येतो.”

मग तो जेवला, लेकीला थोपटून निजवलं, स्वतः झोपला. आणि सकाळी गेला.