पैकाबाईचा कोसा

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा आमच्या येनटोल्याभोवती ऐनाच्या झाडांचं दाट रान होतं आणि त्या रानात कोसा आपोआप यायचा. कोसा म्हणजे रेशमाच्या किड्याचं घर. अंड्याएवढं, कडक, फांदीला देठाने लटकलेलं. पाऊस जवळ आला की त्यातून पंजाएवढं पाखरू बाहेर पडतं. त्याला तोंड नसतं. चार दिवस उपाशी जगतं, अंडी घालतं आणि मरतं.

त्या टोल्यात, म्हणजे वस्तीत, पैकाबाई नावाची ढिवराची, मासेमार जातीची बाई राहायची. ती रानात शिरली की ऐनाच्या फांद्या आपणहून खाली वाकायच्या, असं म्हणतात.

मग बाहेरून व्यापारी येऊ लागले. पाखरू बाहेर पडलं की धागा तुटतो, म्हणून त्यांना न फुटलेला कोसा हवा असायचा. लोक आतल्या जिवासकट कोसा उकळू लागले. आधी मोठे कोसे गेले, मग लहान, मग बियाण्याला राखलेलेही. कोळशासाठी ऐनही तुटू लागले.

पैकाबाई नवऱ्याला म्हणाली, "सारेच शिजवले तं पुढच्या साली आणाल कोठून?"

मंगरू म्हणाला, "आपण ठेवले तं दुसरा तोडून नेईल."

 नाल्यापलीकडे थोडे ऐन उरले होते, त्यांच्याखाली जाऊन ती राखणीला बसू लागली.

चैत्रात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून मंगरूने मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवला. दरसाल पेटवायचा. त्या दिवशी वारा फिरला आणि आग नाला ओलांडून गेली. मंगरू ओरडत धावला, "पैका, निंघ वं तिथून!"

असं म्हणतात, की तिने हाताला लागले तेवढे कोसे पदरात घेतले आणि नाल्याच्या डोहात गळ्यापर्यंत उभी राहिली. धुराने जीव गेला, पण पदर धरलेले हात वरच राहिले. लोक पोचले तेव्हा, भर चैत्रात, ऋतू नसताना, पदरातून पाखरं निघत होती. ती पाखरं उडाली आणि धुरातून निघून गेली. आमच्या रानात पुन्हा दिसली नाहीत.

मंगरू मरेपर्यंत साऱ्या गावाच्या मोहांखालचा पाला झाडत राहिला.

आजही येनटोल्यात मोहाखाली कोणी आग लावत नाही. पुरुषच झाडू घेऊन जातात. कोसा आता पाळलेल्या किड्यांचा, बियाणं बाहेरचं. तरी उकळण्याआधी प्रत्येक घर आपला सगळ्यात चांगला कोसा नाल्याकाठच्या ऐनाला बांधतं आणि म्हणतं, "पैकाबाई, हा तुझा." मृग लागला की पाखरू निघालं का ते सारे बघायला जातात. बहुतेक कोसे आतल्या आत वाळलेले असतात. ते कोणी काढत नाही.